व्हेनिसमध्ये राहायचं कुठे?

व्हेनिससाठी दोनच रात्री हातात असतील तर मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या उपनगरात राहू नका, असं आज अगदी मनापासून सांगावंसं वाटतंय. तिथे खोल्या स्वस्त, ट्रेनने जेमतेम दहा-बारा मिनिटं, सगळं खरं. पण दिवसभराची गर्दी संध्याकाळी परतते आणि शहर त्यानंतरच भेटतं. आम्ही व्हेनिसमधल्याच कान्नारेजिओ या भागात उतरलोय. मघाशी कालव्याकाठी दोन आजी खुर्च्या टाकून गप्पा मारत होत्या, पोरं चौकात फुटबॉल खेळत होती. १५१६ सालचा ज्यू घेट्टो, म्हणजे ज्यूंना राहायला ठरवून दिलेली वस्ती, इथून पाच मिनिटांवर. फक्त बुकिंगआधी नकाशावर वाटेतले पूल मोजा! बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, बॅग दरवेळी उचलावी लागते. आईचे गुडघे दुखतात, म्हणून व्हेनिसच्या सांता लुचिया रेल्वे स्टेशनपासून एकच पूल लागेल असं घर घेतलं. थोडं महाग पडलं, पण आई आज रात्री जेवणानंतरही फिरायला निघाली.