रायझनची तारीख पुढे गेली आणि माझे बारा पीसी अडकले

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मी अठरा वर्षं पीसी असेंबल करतोय. २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरचा तुटवडा होता, तोही काढला. पण २०२४ च्या ऑगस्टने जो मनस्ताप दिला तो अजून डोक्यातून जात नाही.

परळच्या एका व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओची बारा मशीनची ऑर्डर होती. त्यांना एएमडी कंपनीचा नवा प्रोसेसर, रायझन ९९००एक्सच हवा होता. एएमडीने तो बाजारात यायची तारीख ३१ जुलै सांगितली होती, म्हणून मी कोटेशनवर '१० ऑगस्टपर्यंत' असं लिहून दिलं. तसं कधीही लिहू नका. 'प्रोसेसर हातात आल्यापासून चार दिवसांत' असं लिहा.

मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट मी जुलैतच १८ टक्के जीएसटी भरून उचललं होतं. २४ जुलैला बातमी आली: वितरकांकडे गेलेला पहिला माल दर्जाला उतरला नाही, तो बदलून देणार. त्याच मालिकेतले ९६००एक्स, ९७००एक्स ८ ऑगस्टला, ९९००एक्स, ९९५०एक्स १५ ऑगस्टला. कंपनीवर माझा राग नाही. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, दोष निघाला, तेव्हा गिऱ्हाइकांकडे बसवलेले बोर्ड मी स्वतः उतरवून आणलेत. त्यापेक्षा थांबलेलं परवडलं.

राग आहे तो आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसवर. निम्मी रक्कम मी जुलैतच भरली होती. १५ ऑगस्टला सुट्टी, म्हणून १६ ला सकाळीच काउंटरवर गेलो. "शेठ, वरून माल आला नाही." १७ ला साहेब मीटिंगमध्ये. २० ला "तुमचा नंबर लागेल." नंबर कितवा, ते सांगेना कोणी. माझ्या पावतीवर फक्त रक्कम, ना मॉडेल, ना नग, ना बुकिंगची तारीख. तिथे उभा असतानाच आतून एक पोरगा हातगाडी ढकलत आला, वर ९९००एक्सचेच खोके. "ती मोठी पार्टी आहे," एवढंच उत्तर. मी तिथे पाऊण तास उभा राहिलो, पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही.

इकडे स्टुडिओचा फोन, "दादा, बाप्पांची आगमनं सुरू झाली, पोरं बसून आहेत, व्हिडिओ कापायचे कशावर?" काय सांगणार त्यांना.

शेवटी बँकेच्या व्यवहाराचा नंबर, तारीख आणि नग लिहून डिस्ट्रिब्युटरच्या मालकाला ईमेल केला, कंपनीच्या सेल्सवाल्याला प्रत लावली. तिसऱ्या दिवशी नऊ प्रोसेसर आले, उरलेले तीन ३० ला. हा ईमेल मी १६ लाच करायला हवा होता. तुम्ही पैसे भरताना पावतीवर मॉडेल आणि नग लिहून घ्याच.

हो, एक राहिलं. जुन्या बी६५० चिपसेटच्या बोर्डवर हा प्रोसेसर चालतो, पण बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा त्याच्यातला प्रोग्रॅम, नवा लागतो. बायोस बदलायचं फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला तर प्रोसेसर न लावताच काम होतं. फक्त पॉवरच्या वायरी जोडायच्या, नव्या बायोसची फाइल असलेला पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. थांबलेल्या दिवसांत मी बाराही बोर्ड असे करून ठेवले, म्हणून शेवटी चार दिवसांत मशीन उभ्या राहिल्या.

३ सप्टेंबरला परळला बारा मशीन लावून दिल्या. गणपती ७ तारखेला होते.