ओसरीवरच्या खुर्च्या: तुम्ही विचारलंत म्हणून

घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे मी आधी नागपुरात केली आणि आता काही वर्षांपासून आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी राहून करतो. घरी येणारा माणूस गिऱ्हाईक असो की सोयरा, ओसरीवर टेकता टेकता त्याची नजर खुर्च्यांवर जाते आणि ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, लोकायले सागवान सांगता, अन् सोताच्या घरी ह्या प्लास्टिकच्या खुर्च्या?" मागच्या आठवड्यात तुम्हीही तोच प्रश्न विचारलात, जरा सभ्य शब्दांत. तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेले, म्हणून ते आता लिहितो.

आधी एक दुरुस्ती. ओसरीवरच्या आठही खुर्च्या एका जातीच्या नाहीत. त्यांतल्या चार आजोबांच्या काळच्या आहेत: लोखंडी पाइप वाकवून केलेला सांगाडा आणि त्यावर प्लास्टिकच्या वायरची वीण, बाजाराच्या पिशवीला असते तशी. आजोबांच्या खुर्चीला पिवळ्या-हिरव्या चौकडी होत्या, आणि उन्हाळ्यात दुपारी ते उघड्या अंगाने तिच्यावर बसून उठले की पाठीवर तोच चौकडा उमटलेला असे. अशा विणीतून हवा खेळते, एखादी वायर तुटली तर तेवढीच काढून नवी भरता येते, आणि पाइप गंजला तर खरवडून रंग देता येतो. शहरात हल्ली याच खुर्च्या 'विंटेज' म्हणून कौतुकाने दिवाणखान्यात मांडतात. आमच्या गावातल्या बहुतेक कधीच भंगारवाल्याकडे किलोवर गेल्या.

उरलेल्या चार साच्यातल्या, एकसंध. बिछायत केंद्रातून लग्नाच्या मांडवात थप्प्यांनी येतात त्याच. स्वस्त म्हणून लोक त्यांना हिणवतात, पण त्यांची वंशावळ पाहिली तर हिणवणे अवघड होईल. पाठ, बैठक आणि पाय एकाच तुकड्यात, एकाही सांध्याशिवाय करावेत यासाठी विसाव्या शतकातल्या नामांकित डिझाइनरांनी वर्षानुवर्षे खटपट केली. इटलीचे जो कोलंबो यांनी १९६५ मध्ये आखलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय सुटेच राहिले. डेन्मार्कचे व्हर्नर पँटन यांची पायच नसलेली, नागाने फणा काढावा तशा वळणाची एकसंध खुर्ची १९६७ मध्ये उत्पादनात आली. पुढे १९७२ मध्ये फ्रान्सचे आँरी मासोने यांनी हातांची खुर्ची अशी बेतली की एक नग दोन मिनिटांच्या आत साच्यातून बाहेर पडू लागला, आणि तिथून ही खुर्ची सामान्य माणसाच्या आवाक्यात येत गेली. जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमने २०१७ मध्ये या एकसंध खुर्चीवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. मांडवात आपण जिच्यावर रुमाल टाकून जागा धरतो, तिच्याच कुळाचे ते प्रदर्शन.

घरची एखादी उपडी करून पाहा. बैठकीच्या पोटाशी हरभऱ्याएवढा खरखरीत ठिपका सापडेल. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून त्यांचा रस दाबाने साच्यात सोडला तो तिथून, आणि तिथूनच पसरत तो चारही पायांच्या टोकांपर्यंत जाऊन थिजला. पाय भरीव नसतात, ते पन्हळीसारखे दुमडलेले असतात. सपाट टिनपत्रा वाकतो आणि नागमोडी पत्रा छपराचा भार सोसतो, तोच हा हिशेब. या दुमडीमुळेच एका खुर्चीत दुसरी बसते आणि थप्पी लागते.

दोष मी लपवत नाही. भावकीतल्या एका साखरपुड्यात आमचे मोठेबाबा नव्या जावयाशी बोलत मागे रेलले आणि खुर्चीचा मागचा पाय बैठकीच्या सांदीतून काडकन गेला. लागले काही नाही, पण मोठेबाबा त्या जावयाशी पुढे वर्षभर मोकळे झाले नाहीत. ती खुर्ची दोन उन्हाळे गच्चीवर पडून होती. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तरी प्लास्टिकला खरा त्रास त्या उष्णतेचा नसतो, कारण पॉलिप्रोपिलीन वितळायला साधारण १६० अंश लागतात; त्याला खातात ती उन्हातली अतिनील किरणे. त्यांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, रंग विटतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, आणि मग ते वाकण्याऐवजी तुटते. किरणांना रोखणारे द्रव्य ज्यात कमी आणि खडूची भर जास्त, ती स्वस्त खुर्ची आधी जाते. अर्थात थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही: पँटन यांच्या खुर्चीसाठी सत्तरच्या दशकात जे प्लास्टिक वापरले ते काही वर्षांनी तडकू लागले आणि १९७९ मध्ये तिचे उत्पादन थांबवावे लागले.

म्हणून माझ्याकडे या खुर्च्या कवेलूच्या सावलीतच असतात. सावलीत त्यांना तोड नाही, कारण आमची ओसरी मातीची, सारवलेली आहे, पावसाळ्यात काळ्या मातीची ओल जोत्यात चढते आणि सागवान सोडून कोणतेही लाकूड तिथे ठेवले की उधई लागते. सागवानाला सहसा लागत नाही, पण सागवानाची खुर्ची पावसाचे सपकारे येताच उचलून आत नेणार कोण? ती मी दिवाणखान्यात सुचवतो आणि तिथेच शोभते.

मला चीड आहे ती वेताच्या विणीचा ठसा मारलेल्या किंवा लाकडाच्या रेषा छापलेल्या प्लास्टिकची. त्या ठशात धूळ बसते, घासूनही निघत नाही, आणि वेताची हवा तर त्यातून येतच नाही. यवतमाळच्या एका गिऱ्हाइकाला फ्रेंच डिझाइनर फिलिप स्टार्क यांच्या २००२ च्या पारदर्शक खुर्चीसारख्या सहा खुर्च्या हव्या होत्या. जुन्या फ्रेंच राजेशाही खुर्चीचा तो नुसता आकार, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकमध्ये ओतलेला. गंमत म्हणून मला तो आवडतो, कारण ती लाकूड असल्याचा आव आणत नाही. पण पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात आणि त्यांचे घर कापसाच्या जिनिंगला लागून, म्हणून मी त्यांना नको म्हटले. त्यांनी तरी घेतल्या, आणि आता त्यांवर चादरी घालून ठेवतात.

आजोबांच्या चारांपैकी दोन खुर्च्या मी गेल्या दिवाळीत स्वतः विणून काढल्या. तिसरीचा सांगाडा रंगवून भिंतीला टेकवलेला तुम्ही पाहिलातच. हिरवी वायर आर्वीत मिळाली, पिवळी अजून मिळालेली नाही. तुमच्याकडे वर्ध्याला कुठे दिसली तर दोन बंडले घेऊन ठेवा, पैसे देतो.