आमची वाटचाल : गंगेवरून पायी

गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतात, हे बाहेरगावच्या पार्टीला बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर 'सकाळी साडेसहाला गंगेवर भेटू' म्हटलं की समोरचा म्हणतो, "अहो, आम्ही काशीचं नाही, नाशिकचं विचारतोय."

२००६ मध्ये आम्ही दोघांनी पाहुण्यांना नाशिक पायी फिरवून दाखवायला सुरुवात केली. भागीदार तेव्हा रिक्षा चालवायचा. जुन्या नाशकातला कुठला बोळ कुठे उघडतो हे त्याला झोपेतही सांगता यायचं. मी पंचवटीतला, वडिलांचं पूजासाहित्याचं दुकान. तो पार्ट्या आणायचा, मी बोलायचो. बसमधून आठ-दहा पॉइंट दाखवणारं 'नाशिक दर्शन' तेव्हाही होतंच. आमचं ठरलं होतं : एका वेळी एकच कुटुंब, जास्तीत जास्त सहा माणसं, रामकुंडापासून सरकारवाड्यापर्यंत पायी. पांडवलेणी तेवढी दुपारनंतर, त्याच्या रिक्षाने.

नवीन पोरं विचारतात, या धंद्याला भांडवल काय लागतं? मोजे लागतात. एप्रिलमध्ये दुपारी काळारामाच्या आवारातली फरशी तव्यासारखी तापते. अनवाणी पाहुणा सावली शोधत पळतो. त्याला २ मार्च १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि पाच वर्षं न उघडलेलं दार, हे कुठे उभं राहून सांगणार? म्हणून धुतलेल्या मोज्यांचे बारा जोड कायम पिशवीत. ते रोज धुण्यावरून घरात काय चालतं ते इथे लिहीत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे बॅटरी. लेण्यात सगळे ती समोरून अक्षरांवर मारतात आणि मग 'काही दिसत नाही' म्हणतात. बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरायची. खाचांमध्ये सावली भरते आणि ब्राह्मी ओळी भिंतीतून वर आल्यासारख्या दिसतात. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, कोरून ठेवलंय की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. मुलाचं कौतुक आईने करावं तर असं. ही ओळ मी घाईत कधीच सांगत नाही. तिसरी वस्तू घडीचं स्टूल, तिचं पुढे येईल.

२०१२ मध्ये आम्ही पहिल्यांदा पत्रक छापलं, तीन हजार प्रती. घरी आणल्यावर दिसलं, नारोशंकराच्या देवळाचं साल १७४७ ऐवजी १७७४ पडलंय. तीनशे प्रती पेनाने दुरुस्त केल्या, मग हात दुखायला लागला. पुन्हा छापायला पैसे नव्हते. तोंडाने बरोबर सांगायचं आणि कागद चुकीचा द्यायचा, असं काही वर्षं चाललं.

मग २०१५ चा सिंहस्थ आला. 'सिंहस्थात तुमची चांदी झाली असेल' असं म्हणणारा माणूस आजही भेटतो. त्याला काय सांगावं?

भागीदाराचं म्हणणं, बारा वर्षांनी एकदा येतं, आता पायी-बियी सोड. दोन ट्रॅव्हलर दोन महिन्यांसाठी भाड्याने ठरवल्या, राहण्यासाठी एक बंगला घेतला, एकतीस कुटुंबांचे ॲडव्हान्स घेतले. सगळं बुकिंग माझ्या नावावर, कारण बोलणारा मी. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त असा होता की खासगी गाड्या गावाबाहेरच्या पार्किंगमध्येच अडल्या. आमचे दोन्ही ड्रायव्हर तिथे पत्ते कुटत बसले आणि भाडं चढत राहिलं. इतकं चालावं लागतं हे ऐकून पुढच्या दोन पर्वण्यांची बुकिंगं एकामागोमाग गळाली. गाडीवाल्याला पूर्ण भाडं, बंगल्याला पूर्ण भाडं आणि पाहुण्यांना ॲडव्हान्स परत. ज्या सराफ बाजारातून मी नऊ वर्षं पाहुण्यांना फिरवलं, त्याच बाजारात बायकोच्या पाटल्या रुमालात बांधून गेलो. ओळखीचा सराफ म्हणाला, "आज पार्टी कुठेय?"

एकच बुकिंग टिकलं, वर्ध्याच्या बाईंचं. निवृत्त भूगोल शिक्षिका. २००९ पासून दरवर्षी येतात, कधी बहिणींना घेऊन, कधी जुन्या विद्यार्थिनींना. १३ सप्टेंबरच्या पर्वणीला रात्री दोन वाजता त्यांचा पार्किंगमधून फोन आला. "गाडी पाठवू नका, तुम्ही या." मी चालत गेलो आणि पाच बायकांना चालतच गंगेवर आणलं. वाटेत बाई तीन वेळा स्टुलावर बसल्या, आणि तिन्ही वेळा नदी कुठल्या बाजूला आहे ते मला विचारून माझीच परीक्षा घेतली. उजाडता उजाडता दुतोंड्या मारुतीसमोर पोचलो. पूर मोजायची आमची पट्टी ती, पाणी मारुतीच्या कमरेला आलं की गळ्याला, यावर नाशिककर अंदाज बांधतात. बाई मारुतीकडे बघून म्हणाल्या, "तुमचं पाणी कुठवर आलंय?" मी गळ्याला हात लावला. गाडीचे पैसे परत देण्यासाठी पाकीट पुढे केलं, ते त्यांनी उघडलं नाही.

दिवाळीत भागीदाराने हिशेब केला. बुकिंग तुझ्या नावाचं, म्हणून तोटा तुझा. ग्राहकांच्या पत्त्यांची वही मात्र दोघांची, म्हणून ती तो घेऊन गेला. संक्रांतीपर्यंत त्याचं स्वतःचं नाशिक दर्शन सुरू झालं : बारा पॉइंट, अडीच तास, दर आमच्या निम्मा. कुणीतरी त्याचं पत्रक मला आणून दिलं. वाक्यं माझी, क्रम माझा, 'इथे क्षणभर थांबा' हेसुद्धा माझंच. आणि नारोशंकराचं देऊळ १७७४. आधी मी खूप हसलो. मग रात्रभर झोप आली नाही.

म्हणून या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. पत्त्यांची वही घराबाहेर जाऊ देऊ नका. साडीच्या दुकानात पार्टी नेऊन कट घेऊ नका. एकदा घेतलात की पाहुणा तुमच्या तोंडच्या इतिहासालाही कटच समजतो. कपालेश्वरापुढे नंदी का नाही, याची गोष्ट 'असं सांगतात' म्हणून सांगा. नारोशंकराची घंटा वसईच्या विजयातली, हेही तसंच सांगा. पण सनावळीत 'असं सांगतात' चालत नाही.

२ ऑगस्ट २०१६ ला गंगेला पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं. तिथल्या एका मित्राच्या तळघरात आमची उरलेली पत्रकं होती, ती गेली. त्या वर्षातलं एवढंच नुकसान मनाला लागलं नाही. पुढची वर्षं बरी गेली, पाटल्या सुटल्या. लॉकडाउनमध्ये दीड वर्ष दुकानात बसून कापूर विकला.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी फोन येतात. पहिला प्रश्न गाडीचा असतो. पर्वणीला आमच्याकडे गाडी नाही, मोजे मिळतील, असं सांगितलं की निम्मे फोन ठेवतात. भागीदाराने म्हणे चार गाड्या आत्ताच ठरवल्यात. रविवार कारंज्यावर भेटला की राम राम होतो. मी काही बोललो नाही. त्याने विचारलंही नाही.

गेल्या डिसेंबरात वर्ध्याच्या बाई आल्या होत्या, दोन्ही गुडघे बदललेले, स्टूल हवंच म्हणून आधी कळवून. नारोशंकराच्या घंटेखाली भागीदाराचा नवा पोरगा पंधरा माणसांना घेऊन उभा होता. "हे देऊळ १७७४ साली..." एवढं त्याने म्हटलं आणि बाई स्टुलावरूनच, वर्गात बोलावं तशा, म्हणाल्या, "सत्तेचाळीस, बाळा. १७४७."

पोराने हातातलं पत्रक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी बाईंची चप्पल सरळ करत होतो.