डोमकळीतली उत्क्रांती

आज नैसर्गिक निवडीचा तास चोपड्याजवळच्या कपाशीत झाला. पाकळ्या चिकटून न उमललेली डोमकळी उलगडली की आत गुलाबी बोंडअळी. लहानपणी पांढरीच, गुलाबी नंतर होते. 2002 मध्ये बीटी, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारं कपाशीचं वाण, आलं तेव्हा ते पचवणाऱ्या अळ्या विरळ होत्या. बाकीच्या मेल्या, यांचाच वंश वाढला. हा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून मिळाली तरच गुण दाखवणाऱ्या, जनुकांतून येतो. म्हणूनच कडेला बिगर-बीटी ओळी हव्यात: तिथल्या साध्या पतंगांशी संकर झाला की पुढची पिढी बीटीवर मरते. त्या ओळी लावतंय कोण? वर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली कपाशी, ठेवली की अळीला पिढ्या वाढवायला आयतं रान.

हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग 3 दिवस सापळ्यात रोज 8 पतंग आले की उपाय करा. डोमकळ्या तोडून बांधावर टाकू नका, अळीसकट नष्ट करा.