दुसऱ्यांदा विचारलेली वेळ

लिश्टनस्टाइनमधल्या एका हौशी फुटबॉल क्लबाची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी सामन्यांच्या वेळी मैदानाच्या कडेला बसते. राहते ऱ्हाइनच्या अलीकडे, स्वित्झर्लंडमधल्या बुख्स गावात. बस पुलावरून पलीकडे गेली की देश बदलतो, आणि या देशात काम करणारे निम्म्याहून अधिक लोक माझ्यासारखेच रोज सीमा ओलांडून येतात. करंडकाच्या उपांत्य सामन्यात मी एका खेळाडूला बाहेर काढले. तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते; पण ज्या आधारांवर तो घेतला त्यांतला एक आधार चुकीचा निघाला, आणि ते मनातून जात नाही.

सुमारे 160 चौरस किलोमीटरच्या, 40 हजार वस्तीच्या या देशाला स्वतःची लीग नाही. सातही क्लब स्विस लीगच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर खेळतात, त्यामुळे आपापसात मानाने भिडण्याची त्यांची हक्काची जागा म्हणजे 1946 पासून चालत आलेला हा करंडक. विजेत्याला युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो. व्यावसायिक संघ एकच, एफसी फाडुत्स. 1998 पासून करंडक त्याच्याकडेच जात आला आहे. अपवाद 2012 चा, जेव्हा एशेन-माउरेनच्या संघाने अंतिम सामन्यात त्याला पेनल्टींवर हरवले. त्या एका वर्षाच्या भरवशावर बाकीची गावे अजून उमेद धरून आहेत. दिवसभर छपरे बसवून किंवा बँकेतले काम उरकून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या माणसांच्या या धडपडीला कोणी नुसती हौस म्हटले, की मला राग येतो.

त्या संध्याकाळी दक्षिणेकडून फोएनचा गरम वारा सुटला होता आणि उंच चेंडू भलतीकडेच जात होते. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला 1–1 अशी बरोबरी होती, आमचे बदली खेळाडू वापरून झाले होते, आणि अशाच एका भरकटलेल्या चेंडूवर आमच्या मधल्या फळीतल्या सुताराचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आदळले. तो चौतीस वर्षांचा आहे आणि अंतिम सामना कधी खेळलेला नाही. तो लगेच उठला, आणि लगेच उठणाऱ्याकडे मी जास्त लक्ष देते.

मेंदूला हादरा बसला आहे की नाही, याच्या पूर्ण तपासणीला शांत खोलीत किमान दहा ते पंधरा मिनिटे लागतात. आमच्याकडे डॉक्टर नव्हता आणि रेफरीने दिली तीन मिनिटे. अशा वेळी ठरलेले पाच प्रश्न विचारायचे असतात: आपण कोणत्या मैदानावर आहोत, पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध, शेवटचा गोल कोणाचा, मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलास, तो सामना जिंकलात का. पहिली तीन उत्तरे बरोबर आली. चौथ्याला त्याने पंधरा दिवसांपूर्वीच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतले. मग मी त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावून, हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून उभे केले. ही चाचणी कठीण जमिनीवर अनवाणी करायची असते. मी ती ओल्या गवतावर, खिळ्यांच्या बुटांत करत होते. वीस सेकंदांत त्याचा तोल तीनदा गेला. त्याने विचारले, “किती मिनिटे झाली?” मी सांगितले. बुटाची नाडी बांधून वर बघत त्याने पुन्हा विचारले, “किती मिनिटे झाली?”

मी प्रशिक्षकाला सांगितले की हा आता खेळणार नाही. इथे मैदानावर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे त्याचे उत्तरही सरळ आले: “तू आम्हांला दहा जणांवर आणलेस.” ज्याचा पगार निकालावर अवलंबून नाही असा माणूसही अशा क्षणी काय बोलू शकतो, हे मी तेव्हा पाहिले. जादा वेळेत आम्ही 2–1 ने हरलो.

रात्री रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि तो स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की त्याला काहीच झाले नव्हते. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाची इजा दिसते, हादरा दिसत नाही, हे मी भेटेल त्याला समजावून सांगितले आणि बहुतेकांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले. त्यानंतर एका बचावपटूने मला सहज सांगितले की त्या आधीच्या आठवड्यात तो सुतार खेळलाच नव्हता. ऑस्ट्रियात एका छपराचे काम निघाल्याने तो तिकडे गेला होता. म्हणजे त्याच्या लेखी चौथे उत्तर बरोबरच होते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक हवे, हा या चाचणीचा पायाच आहे, आणि तो मी तपासला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची धडधाकट स्थितीतली नोंद करून ठेवू द्या, असे मी समितीला म्हटले होते. खर्चाचे कारण देऊन ते मागे पडले. ती नोंद असती, तर त्याचा तोल एरवी किती वेळा जातो हे तरी मला माहीत असते. आता प्रत्येक सामन्याआधी, मागच्या सामन्यात कोण खेळले याची यादी मी वहीत लिहून घेते.

उरला दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न. प्रशिक्षक म्हणतो की उपांत्य सामन्यात वेळ सगळेच दहा वेळा विचारतात.

चार दिवसांनी तो सुतार क्लिनिकमध्ये आला. मैदानावर टप्प्याटप्प्याने कसे परतायचे याचे नियम छापलेले आहेत: आधी हलके चालणे, मग पळणे, मग सराव, आणि हेडर व धक्काबुक्की अगदी शेवटी. छपरावर कधी चढायचे, हे मात्र त्या कागदावर कुठेच नाही, आणि त्याला तेवढेच जाणून घ्यायचे होते. मी त्याच्या मालकाला फोन करून त्याला तूर्त जमिनीवरचे काम द्यायला सांगितले. निघताना मी त्याला विचारले, त्या दिवशी तू मला किती वेळा वेळ विचारलीस?

“एकदाच,” तो म्हणाला.