चौऱ्याऐंशी बेडचा हिशेब

विक्रेत्याच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत १२.६ टक्के हा परतावा छापलेला होता. इंदूरच्या भंवरकुआं चौकापासून पायी जाता येईल अशी विद्यार्थी वसतिगृहाची तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, ८४ बेड, जेवणासह प्रत्येक बेडमागे महिन्याला सरासरी ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ७५ लाख ६० हजार रुपये आणि मागितलेली किंमत ६ कोटी. भागाकार बरोबर होता. मालमत्तांचे मूल्यांकन हा माझा व्यवसाय असल्यामुळे असे कागद नेहमी समोर येतात आणि त्यांत भागाकार चुकलेला सहसा आढळत नाही. जे काही असते ते भाजकाच्या आणि भाज्याच्या आत दडलेले असते.

हा प्रस्ताव आणणारे काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. रामबागेतले वडिलोपार्जित घर भावंडांच्या संमतीने विकले गेले होते, त्यातले ४ कोटी त्यांच्या वाट्याला आले होते आणि उरलेले २ कोटी बँकेकडून साधारण १० टक्क्यांनी घ्यावेत असा विचार होता. बँकेच्या यादीवरचा मूल्यांकनकार म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले असते तर ओळखीमुळे मी ते घेतले नसते. पण काका बँकेत जाण्याच्या आधी आले होते आणि रीतसर फी देऊन सल्ला मागत होते. "तू नुसता हो किंवा नाही सांगू नकोस, कसे पाहिलेस ते सांग," एवढी त्यांची अट होती.

प्रस्तावात इंदूरचे वर्णन शैक्षणिक राजधानी असे केले होते आणि आयआयटी व आयआयएम ही नावे सर्वांत वर होती. त्या दोन नावांचा या इमारतीशी काडीचाही संबंध नाही. १९९६ साली सुरू झालेली आयआयएम आणि २००९ सालची आयआयटी या दोन्ही संस्था निवासी आहेत, त्यांची स्वतःची वसतिगृहे आहेत आणि आयआयटी तर शहराबाहेर सिमरोलला आहे. भंवरकुआंचा भाडेकरू वेगळा. तो होळकर विज्ञान महाविद्यालयात किंवा देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरच्या विभागांत शिकतो, नाहीतर राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करतो. आयोगाचे मुख्यालयच इंदुरात असल्याने रीवा, सागर, छिंदवाड्यापासून मुले इथे येऊन राहतात. अशा मुलामागे बहुधा दोन-चार एकर शेती असलेले किंवा लहान दुकान चालवणारे घर असते. त्याला महिना हजार रुपये वाढवले तर तो तक्रार करत नाही, सरळ पुढच्या गल्लीत जातो.

काकांनी इमारत ऑगस्टमध्ये पाहिली होती. जिन्यावर चपलांचे ढीग, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि प्रत्येक खोलीत मुले, असे त्यांचे वर्णन होते. मी मुद्दाम जूनच्या मध्यावर भेट मागितली. विक्रेत्याच्या माणसाने आधी रंगकाम चालू असल्याचे सांगितले, मग सत्र सुरू झाल्यावर या असे सुचवले, आणि काकांनी थोडा आवाज चढवल्यावर एका रविवारी सकाळची वेळ दिली.

त्या सकाळी मी आणि काका प्रत्येक खोलीत गेलो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर बहुतेक गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या आणि कूलर कोरडे होते. मुले घरी गेली आहेत, सामान ठेवून गेली आहेत, असे वॉर्डन सांगत राहिला. पण कपाटे उघडी होती आणि त्यांत सामान नव्हते. एका दिवसाच्या पाहणीवर मात्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्याच्या आरंभी होते, महाविद्यालये सुटीवर असतात, आणि जूनमध्ये थोडी रिकामी जागा तर कोणत्याही वसतिगृहात असणारच. प्रश्न किती रिकामी आणि किती महिने, हा होता. त्याचे उत्तर भाडेकरूंच्या रजिस्टरात मिळेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पोलिसांना भाडेकरूंची माहिती देण्यासाठी एक रजिस्टर असते, विक्रीसाठी दुसरे तयार होते, आणि दोन्हींतली नावे जुळतातच असे नाही.

मी आधी विजेची वर्षभराची बिले मागितली. इंदुरात एप्रिलच्या मध्यापासून कूलर अखंड चालतात, त्यामुळे भरलेल्या इमारतीचे मेचे बिल फेब्रुवारीच्या दुप्पट यायला हवे. इथे मेचे बिल मार्चपेक्षा कमी होते. मग टँकरच्या पावत्या पाहिल्या. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि बोअर उन्हाळ्यात आटते, म्हणून मे-जूनमध्ये टँकर वाढतात. या इमारतीत ते कमी झाले होते. शेवटी आम्ही स्वयंपाकघरात गेलो, जिथे महाराज, म्हणजे आचारी, एकटे बसून मटकी निवडत होते. दर महिन्याला व्यापारी वापराचे निळे सिलिंडर किती लागतात, असे मी सहज विचारले. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले, ज्यावर प्रत्येक सिलिंडर लावल्याच्या तारखेभोवती गोल होता. जानेवारीत दहा गोल होते, मार्चमध्ये सात आणि मे महिन्यात चार. "भिया, गर्मी में तो आधी थाली भी नी लगती," ते म्हणाले, आणि वॉर्डनने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून त्यांना हे बोलायचे नव्हते हे उघड झाले. मी त्या कॅलेंडराचे छायाचित्र घेतले. माझ्या अहवालातला तो सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज ठरला, कारण तो कोणालाही दाखवण्यासाठी तयार केलेला नव्हता.

तिन्ही बाजूंनी आलेले आकडे जुळवल्यावर चित्र असे दिसले: जुलै ते फेब्रुवारी सुमारे ९० टक्के बेड भरलेले, मार्च-एप्रिलमध्ये ६५ टक्के आणि मे-जूनमध्ये ४० टक्के. वर्षाची सरासरी साडेसत्त्याहत्तर टक्के. म्हणजे ७५ लाख ६० हजारांऐवजी सुमारे साडेअठ्ठावन्न लाख. त्यातून जेवणाचा खर्च वजा करायचा, कारण प्रस्तावात जेवणाचे पैसे उत्पन्नात धरले होते आणि खर्च कुठेच दाखवला नव्हता. महाराजांच्या आणि किराण्याच्या हिशेबाने तो प्रत्येक मुलामागे महिना २,८०० रुपये, वर्षाचा जवळपास २२ लाख. वॉर्डन, चौकीदार आणि सफाईचे पगार, वीज, पाणी, इंटरनेट, दरवर्षीची रंगरंगोटी आणि गाद्या, मुले आणून देणाऱ्या दलालांचे पैसे, संपत्ती कर व विमा मिळून आणखी साडेवीस लाख. मालकाच्या हातात उरतात साधारण १६ लाख रुपये. सहा कोटींवर २.७ टक्के.

काकांनी हा आकडा दोनदा तपासला. एखाद्या चांगल्या वस्तीतला साधा फ्लॅट कुटुंबाला भाड्याने दिला तरी एवढा परतावा मिळतो, आणि तिथे मालकाला मटकी आणि गाद्यांचा विचार करावा लागत नाही. शिवाय दोन कोटींच्या कर्जावरचे पहिल्या वर्षाचे व्याजच २० लाखांच्या आसपास होते. इमारत आपल्या कर्जाचे व्याजसुद्धा फेडू शकत नव्हती; उरलेली रक्कम काकांच्या पेन्शनमधून जाणार होती.

"मग लोक यात पैसे का घालतात? परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या घालतात असे मुलगा सांगतो," काकांनी विचारले. मुलगा खोटे सांगत नव्हता. २०२० साली ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने ब्रिटनमधील आयक्यू ही विद्यार्थी निवास कंपनी ४.६६ अब्ज पौंडांना घेतली आणि २०२२ साली अमेरिकेतील अमेरिकन कॅम्पस कम्युनिटीज सुमारे १३ अब्ज डॉलरांना. पण त्या बाजारात विद्यार्थी ४४ किंवा ५१ आठवड्यांचा करार करतो, त्याला जामीनदार असतो आणि पुष्कळ ठिकाणी विद्यापीठच ठरावीक खोल्या भरून देण्याची हमी घेते. मे महिन्यात मुलगा घरी गेला तरी भाडे येत राहते. आमच्याकडे एक महिन्याची अनामत आणि तोंडी सूचना यांवर सगळे चालते. बेड तोच, पण तिथे गुंतवणूकदार करार विकत घेतो आणि इथे आपण केवळ मोसम विकत घेतो. तिथलाही धोका संपलेला नाही, हेही मी सांगितले: जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्या विद्यार्थ्यांच्या भरवशावर बांधलेल्या घरांचे गणित एका घोषणेने बदलले.

आपल्याकडचे उदाहरण तर शेजारच्या राज्यातले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये असे सांगितले, दुसरीकडे कोचिंगच्या कंपन्यांनी गावोगावी शाखा काढल्या, आणि राजस्थानच्या कोटा शहरात कर्जे काढून उभारलेली होस्टेले रिकामी पडू लागली. भंवरकुआंची मागणी काही अंशी अधिक टिकाऊ आहे, कारण ती एकाच परीक्षेवर अवलंबून नाही. पण तिचे वेळापत्रकही मालकाच्या हातात नसते. २०२२ साली विश्वविद्यालयाने काही अभ्यासक्रमांचे प्रवेश केंद्रीय परीक्षेतून घेतले तेव्हा निकाल लांबले आणि खोल्या भरायलाही उशीर झाला. उलट आयोगाची २०१९ ची राज्यसेवा परीक्षा आरक्षणाच्या खटल्यांत अडकली, तेव्हा तयारी करणारी मुले वर्षानुवर्षे इथेच राहिली. दुसऱ्याच्या पोराची रखडलेली परीक्षा ही आपल्या उत्पन्नाची हमी, हे वाक्य अहवालात लिहिता येत नाही; काकांना मात्र मी ते बोलून दाखवले, आणि त्यांना ते आवडले नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही तळमजल्यावर घालवला. मंजूर नकाशात तिथे वाहनतळ होता. प्रत्यक्षात मेस, कार्यालय आणि गॅसचा साठा होता. इमारतीचा वापर निवासी म्हणून मंजूर होता, होस्टेल म्हणून नव्हे. चौथा मजला नकाशात अर्धाच होता. वर जायला एकच जिना, त्याच्या तोंडाशी उभ्या केलेल्या दुचाक्या, आणि खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या. ७ मे २०२२ रोजी याच शहरात स्वर्णबाग कॉलनीत तळमजल्यावरच्या वाहनांपासून पेटलेली आग वर पसरून सात जणांचा मृत्यू झाला होता. मी काकांना जिन्याच्या मधोमध उभे केले आणि खाली आग असेल तर चौथ्या मजल्यावरचा मुलगा कुठून उतरेल, एवढेच विचारले. चाळीस वर्षे पूल आणि इमारती बांधलेला माणूस. त्यांना पुढचे काही सांगावे लागले नाही. ते गच्चीवर गेले, शेजारच्या इमारतीचे अंतर नजरेने मोजले आणि परत आले.

अशा बांधकामाचा काही भाग दंड भरून नियमित होऊ शकतो, पण वाहनतळाच्या जागी असलेली मेस त्यात बसवणे कठीण असते, आणि नगर निगमाने ती हटवायला सांगितली तर मेस वरच्या मजल्यावर न्यावी लागेल. त्यात माझ्या अंदाजाने बारा बेड गेले असते. दुसरा जिना काढला तर आणखी आठ. म्हणजे कायद्यात आणि सुरक्षिततेत बसणारी ही इमारत ८४ बेडची नसून ६४ बेडची होती, आणि विक्रेता त्या वीस अवैध बेडची किंमतही मागत होता.

जीएसटीचा मुद्दा तुलनेने लहान होता. जुलै २०२४ पासून दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतचे निवास, सलग किमान ९० दिवसांचे असल्यास, करमुक्त आहे. इथल्या काही खोल्या मात्र टेस्ट सिरीजपुरत्या दीड-दोन महिन्यांसाठी येणाऱ्या मुलांना दिलेल्या होत्या आणि त्यांना ही सूट लागू होत नाही. विक्रेत्याच्या सनदी लेखापालाने याचा उल्लेख कुठेही केलेला नव्हता.

अहवालात मी जमीन ३,००० चौरस फूट धरून त्या वस्तीच्या चालू व्यवहारांनुसार ३ कोटी आणि बांधकाम घसारा वजा जाता १ कोटी २० लाख, असे एकूण ४ कोटी २० लाख मूल्य लिहिले. इमारतीच्या उत्पन्नावरून मूल्य काढण्याच्या पद्धतीने येणारा आकडा त्याहून बराच कमी होता, तोही दिला. मधले १ कोटी ८० लाख कशाचे, असे काकांनी विक्रेत्याला विचारले तेव्हा "चालू धंद्याचे" असे उत्तर आले. त्यावर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडराचे छायाचित्र पाठवले.

काकूंचा कल प्रथमपासून बँकेतील ठेवीकडे होता आणि त्यांनी तो पुन्हा मांडला. काकांनी मात्र व्यवहार सोडला नाही. त्यांनी ४ कोटींचा प्रस्ताव दिला आहे, कर्ज न घेता, आणि मेस हटवून बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना काढण्याचा आराखडा स्वतः कागदावर काढला आहे. ६४ बेडवर, जेवण न देता, फक्त मुलींसाठी आणि शैक्षणिक वर्षाचा लेखी करार करून किती उरेल, हा नवा हिशेब सध्या माझ्या टेबलावर आहे. विक्रेता पाच कोटींच्या खाली यायला तयार नाही, आणि जुलै सुरू झाल्यामुळे त्याची इमारत पुन्हा भरू लागली आहे.