मिस्टी माउंटन्सच्या मुळाशी: लाउटरब्रुनेनपासून आलेच हिमनदीपर्यंत

‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबऱ्यांचे लेखक जे. आर. आर. टोल्कीन यांच्या काल्पनिक जगाचा नकाशा उघडला, की उत्तरेकडून दक्षिणेकडे धावणारी मिस्टी माउंटन्सची लांबलचक रांग सर्वांत आधी नजरेत भरते. या कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांमुळे हे डोंगर न्यूझीलंडमधले आहेत असे अनेकांच्या मनात पक्के बसले आहे. परंतु टोल्कीन स्वतः न्यूझीलंडला कधीच गेले नव्हते. १९११च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डला शिकायला जाण्यापूर्वी, ते डझनभर माणसांच्या एका गटाबरोबर स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पाठीवर बोजा घेऊन हिंडले होते. पुढे कितीतरी वर्षांनी मुलाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी नमूद केले, की ‘द हॉबिट’मधला रिव्हेंडेल या एल्फांच्या दरीपासून मिस्टी माउंटन्सच्या पलीकडचा प्रवास, त्यातल्या घसरत्या दगडांवरून पाइनच्या रानात कोसळण्याच्या प्रसंगासह, त्या उन्हाळ्यातल्या अनुभवांवर आधारलेला आहे. त्याच पत्रात त्यांनी आपला मार्गही सांगितला आहे: इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, मुरेन, लाउटरब्रुनेन खोऱ्याचे टोक, क्लाइने आणि ग्रोसे या दोन्ही शाइडेग खिंडी ओलांडून ग्रिंडेलवाल्ड आणि मायरिंगेन, मग ग्रिमझेल घाट, ब्रिग, आलेच हिमनदी आणि शेवटी झरमॅट. आम्ही आलेचपर्यंतचा मार्ग धरला. जिथे चालण्यात अर्थ होता तिथे चाललो आणि उरलेल्या टप्प्यांना रेल्वे व बस वापरली.

लाउटरब्रुनेन हे हिमनदीने कोरलेल्या दरीचे अगदी पाठ्यपुस्तकात शोभेल असे उदाहरण आहे. तळ सपाट, दोन्ही बाजूंना जवळजवळ उभे चुनखडीचे कडे, आणि मुख्य हिमनदीइतक्या खोल न कोरल्या गेलेल्या उपदऱ्या कड्यांच्या माथ्याशीच संपत असल्यामुळे त्यांतले पाणी थेट खाली झेपावते. त्यांतला श्टाउबबाख धबधबा सुमारे ३०० मीटर उंचीचा असून तो गावाला अगदी लागून आहे. रिव्हेंडेलचे मूळ हेच खोरे, असे ठाम विधान टोल्कीन यांनी त्या पत्रात केलेले नाही. तो संबंध वाचकांनी जोडला आहे, आणि प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर तो मला पटला. मात्र तो पटण्यासाठी खोऱ्याच्या तळाशी उभे राहून चालत नाही, कारण तिथे रस्ता, गाड्या आणि गर्दी आहे. त्यासाठी लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्र्युचआल्पला जावे आणि तिथून मुरेनपर्यंतची साधारण दीड तासाची वाट पायी चालावी. ही वाट रुळांच्या बाजूने, फारसा चढ-उतार न घेता, कधी रानातून तर कधी कुरणांतून जाते, आणि चालताना पायाखाली इतके खोल खोरे दडलेले असेल अशी शंकाही येत नाही. मुरेनच्या कडेशी पोहोचल्यावर मात्र जमीन एकदम तुटते व सुमारे ८०० मीटर खाली नदीची रेघ दिसते. कथेतले प्रवासी रिव्हेंडेलच्या अगदी काठावर येईपर्यंत त्यांना ती दरी दिसत नाही. भूगोलाच्या दृष्टीने ती कल्पना किती खरी आहे, हे इथे समजते.

मुरेनमध्ये बाहेरच्या मोटारींना प्रवेश नसल्यामुळे गाडी दरीतच ठेवावी लागते. मुक्काम खाली लाउटरब्रुनेनमध्ये करण्यापेक्षा वर मुरेनमध्ये किंवा पलीकडच्या वेंगेनमध्ये करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दिवसाचे प्रवासी परतल्यानंतरची संध्याकाळ आणि त्यांच्या आधीची सकाळ यांतच हे डोंगर नीट पाहता येतात.

खोऱ्याच्या टोकाचा टप्पा बहुतेक पर्यटक वगळतात, आणि माझ्या मते तोच या प्रवासाचा गाभा आहे. बसने श्टेखेलबर्गला उतरून ट्राक्सेललाउएननमार्गे ओबरश्टाइनबर्गकडे चढावे आणि ताकद असेल तर पुढे २,०६५ मीटर उंचीवरील ओबरहॉर्न तलावापर्यंत जावे. श्टेखेलबर्गपासून तलावापर्यंत ११०० मीटरहून अधिक चढ असल्याने याला पूर्ण दिवस द्यावा. ओबरश्टाइनबर्गला साधे डोंगरी विश्रामगृह आहे, तिथे आधी नोंदणी करून मुक्काम केल्यास दिवस सुसह्य होतो. हिमनद्या मागे हटताना टाकून गेलेल्या दगडगोट्यांच्या राशी, त्यांच्यामधून वाट काढणारे गढूळ पाणी आणि वर लटकणारे बर्फ असा हा मुलूख आहे. टोल्कीन यांनीही या भागाचे वर्णन हिमोढांचे, म्हणजे अशा दगडगोट्यांच्या राशींचे, रान अशाच अर्थाने केले आहे. त्यांचा गट तेव्हा गवताच्या माचांवर आणि गोठ्यांत झोपत असे. आता हा परिसर संरक्षित असल्याने वाटेल तिथे तंबू ठोकू नये.

यानंतर ज्या शिखरासाठी हा सारा खटाटोप केला, त्या झिल्बरहॉर्नकडे वळतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या मोरियाच्या खाणींवर उभ्या असलेल्या तीन शिखरांपैकी केलेब्डिल, म्हणजेच सिल्व्हरटाइन, हे आपल्या स्वप्नातले झिल्बरहॉर्न असल्याचे टोल्कीन यांनी स्पष्ट लिहिले आहे. हे शिखर सुमारे ३,७०० मीटर उंच असून ४,१५८ मीटरच्या युंगफ्राउचे ते एक उपशिखर आहे, त्यामुळे माहीत नसलेल्या माणसाची नजर त्याच्यावरून सहज घसरते. ते वेगळे ओळखू येण्यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे वेंगेन आणि क्लाइने शाइडेग यांच्यामधले वेंगर्नआल्प. तिथून युंगफ्राउच्या उजव्या हाताला बर्फाचा अणकुचीदार, स्वच्छ पांढरा सुळका स्वतंत्र उभा दिसतो. इथे एक अडचण लक्षात ठेवावी लागते. ही बाजू उत्तरेकडची असल्याने सकाळी सावलीत असते आणि खरा प्रकाश दुपारनंतर पडतो. उलट उन्हाळ्यात ढग आणि वादळेही दुपारनंतरच जमतात. म्हणून वेंगेनला मुक्काम ठेवून, हवामानाचा अंदाज पाहून, निरभ्र संध्याकाळ मिळेल तेव्हा वर जाणे हाच उपाय आहे. क्लाइने शाइडेगपर्यंत (२,०६१ मीटर) दातेरी रुळांच्या रेल्वेने जाऊन वेंगर्नआल्पमार्गे वेंगेनला पायी उतरल्यास शिखर बराच वेळ समोर राहते. मात्र गुडघे दुखत असतील त्यांनी वेंगर्नआल्पच्या स्थानकावरच गाडी पकडावी. शेवटच्या गाडीची वेळ चढण्यापूर्वीच पाहून ठेवावी. समोरच्या लटकत्या हिमनद्यांवरून बर्फाचे कडे कोसळतात, तेव्हा त्यांचा गडगडाट दरी ओलांडून येतो, आणि त्याच तीन शिखरांपैकी कॅराड्रासच्या खिंडीत कथेतल्या प्रवाशांना डोंगरच आपल्यावर उलटला आहे असे का वाटले असेल, हे कळते.

युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटरवरील रेल्वे स्थानकाला जाण्याचा मोह अनेकांना होतो. ते स्थानक १९१२मध्ये सुरू झाले, म्हणजे टोल्कीन यांच्या प्रवासाच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते. तिकीट महाग आहे, गर्दी प्रचंड असते, आणि शिखरांच्या इतके जवळ गेल्यावर त्यांचे आकार हरवतात. या विशिष्ट प्रवासासाठी तो खर्च मला आवश्यक वाटत नाही.

क्लाइने शाइडेगहून ग्रिंडेलवाल्डला उतरणे, तिथून १,९६२ मीटरची ग्रोसे शाइडेग ओलांडणे आणि रोझेनलाउईमार्गे मायरिंगेनला जाणे हा टप्पा सुंदर असला तरी लांब आहे. ग्रोसे शाइडेगवर बस जाते, त्यामुळे चढाचा भाग बसने आणि उताराचा भाग पायी असे सहज करता येते. मायरिंगेनहून ग्रिमझेल घाटावरची (सुमारे २,१६५ मीटर) बस फक्त उन्हाळ्यात चालते. घाट उतरून ओबरवाल्डला पोहोचले, की ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली रेल्वे मिळते.

आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी असून तिची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे. फीशहून केबल कारने एगिसहॉर्नला गेल्यास तिचा मोठा वळसा एका नजरेत दिसतो. १९११मध्ये याच भागात टोल्कीन मरता मरता वाचले: उन्हाने बर्फ वितळून सुटे झालेले दगड उतारावरून वेगाने खाली येऊ लागले आणि त्यांतला एक मोठा धोंडा त्यांच्या आणि पुढे चालणाऱ्या बाईंच्या मधून निघून गेला. ‘द हॉबिट’मध्ये घसरणारा उतार आणि वरून कोसळणारे दगड इतक्या नेमकेपणाने येतात, त्यामागे ही आठवण असावी असे मला वाटते. दगड कोसळण्याचा धोका आजही आहे, उलट बर्फ मागे हटल्याने उघडे पडलेले उतार अधिक अस्थिर झाले आहेत. त्यामुळे बंद केलेल्या वाटांवर पाऊल टाकू नये, खडे उतार सकाळीच ओलांडावेत, आणि वाटाड्याशिवाय हिमनदीवर उतरू नये. दोन्ही काठांवर झाडोरा नसलेला फिकट पट्टा दिसतो, तो एकोणिसाव्या शतकातल्या बर्फाची पातळी दाखवतो. टोल्कीन यांनी पाहिलेली हिमनदी आजच्यापेक्षा कितीतरी जाड होती.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य. त्याआधी खिंडींवर बर्फ असू शकतो. पिवळ्या पाट्यांच्या वाटा साध्या असतात, पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटांना पक्के बूट आणि स्थिर पाऊल लागते, आणि पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या वाटा अनुभवी गिर्यारोहकांसाठीच आहेत. पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, म्हणून आपल्या हिशेबात निदान एक तृतीयांश वेळ वाढवावा. स्विस टोपो या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे मोबाइलवर उतरवून ठेवावेत. हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आहे. डोंगरातल्या विश्रामगृहांसाठी रोख फ्रँक जवळ असू द्यावेत. प्रवासभाडे निम्म्यावर आणणारे पर्यटकांसाठीचे कार्ड या मार्गावर बहुधा वसूल होते, कारण केबल कार आणि डोंगरी रेल्वे यांची भाडी जास्त आहेत.

वेळ कमी असेल तर ग्रिमझेल आणि ग्रोसे शाइडेग वगळावेत, लाउटरब्रुनेनहून रेल्वेने श्पीझमार्गे ब्रिगला जावे, आणि वाचलेला वेळ ओबरहॉर्नच्या वाटेला व वेंगर्नआल्पच्या एखाद्या जादा संध्याकाळसाठी राखून ठेवावा.